सुईवरून उतरलेला स्वेटर अंगावर चढेपर्यंत

माझा पहिला अख्खा स्वेटर भाच्यासाठी होता. तो दोन वर्षांचा, आणि मी विणकामात जेमतेम सहा महिन्यांची. पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या सगळं मापाने विणलं, गळपट्टी उचलली, उसवू नये म्हणून टाके चांगले आवळून बंद केले आणि दिवाळीत ताईकडे मोठ्या ऐटीत तो त्याच्या डोक्यात घालायला गेले. स्वेटर भुवयांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. पोरगं रडायला लागलं, ताई हसायला लागली. रात्री बसून गळपट्टी उसवली, पुन्हा सैल बंद केली, तेव्हा कुठे भाऊबीजेला त्याच्या अंगावर तो चढला.

सुलट-उलट शिकवणारे घरोघरी भेटतात. शेवटचा टाका उतरल्यावर काय करायचं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. माझ्या हिशेबात त्या क्षणी काम पाऊणच झालेलं असतं. उरलेल्या पाव कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो, म्हणूनच कपाटात एक बाही नसलेले स्वेटर आणि एकेकटे मोजे पडून असतात. ज्यांना टाके घालता येतात, सुलट-उलट येतं आणि सुईवर एखादं काम आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

टाके बंद करताना हात सैल

नवशिक्याचा हात टाके बंद करताना हमखास घट्ट होतो. सोपा उपाय म्हणजे बंद करायच्या ओळीला उजव्या हातात एक माप जाड सुई घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच सुयांवर अजून जुने ब्रिटिश नंबर असतात आणि ते उलटे चालतात: नंबर मोठा, सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. तेव्हा १० नंबरवर विणलं असेल तर बंद करायला ९ किंवा ८ नंबर.

गळ्याला एवढ्याने भागत नाही, तिथे ताण घेणारी पद्धत हवी. पहिले दोन टाके मागच्या बाजूने सुई घालून एकत्र सुलट विणा. मिळालेला एक टाका परत डाव्या सुईवर ठेवा. तो आणि पुढचा टाका पुन्हा तसेच मागून एकत्र विणा. शेवटपर्यंत हेच. ही कड रबरासारखी ताणली जाते. मग टेप घ्या. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंमी असतो. गळा ताणून तेवढा होत नसेल तर लगेच उसवा. नंतर धुऊन सैल होईल अशी आशा धरू नका.

आधी ओळखा: हातात लोकर आहे की ॲक्रिलिक

दुकानात 'लोकर द्या' म्हटलं की जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही. ते स्वस्त असतं, टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं, कसर (लोकर खाणारा किडा) लागत नाही. पण पुढची सगळी वागणूक यावर ठरते. गुंड्यावरची चिठ्ठी फेकली असेल तर दहा सेंमी धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाणी ठेवून पेटवा. मेंढीची लोकर जळालेल्या केसांसारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी उरतो. (वितळतं आहे तोवर हात लावू नका. ते कातडीला चिकटतं.)

लोकर ही केसांसारखीच प्रथिनाची. पाण्यात भिजली की तिची वीण मऊ पडते, जसा आकार देऊन वाळवाल तशी राहते, पुढच्या धुण्यात पुन्हा मोकळी होते. ॲक्रिलिकला पाण्याने फरक पडत नाही, उष्णतेने पडतो आणि तो कायमचा असतो. मी एकदा ॲक्रिलिकच्या कार्डिगनवर तापलेली इस्त्री थेट फिरवली होती. काठाची रिब, म्हणजे सुलट-उलट टाक्यांची ताणणारी पट्टी, कागदासारखी चपटी झाली आणि पुन्हा कधी आवळली नाही. तो कार्डिगन आता माझ्याकडे 'असं करू नका' म्हणून दाखवायला आहे.

धुवून आकार द्या, शिवण्याच्या आधी

इथे बहुतेक जण घाई करतात. सुईवरून उतरलेले तुकडे कडांना वळलेले आणि वाकडे असतात. तसेच शिवले की शिवणही वाकडी येते. शहाणपणा हा की तुकडे सुटे असतानाच धुवावेत.

खरी लोकर असेल तर बादलीत कोमट, म्हणजे हाताला गरम न लागणारं, ३० अंशांच्या आतलं पाणी घ्या. त्यात रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण घाला. कपडे धुण्याची पावडर नको. ती अल्कधर्मी असते, आणि गरम पाणी, अल्क, चोळणं हे तिन्ही एकत्र आले की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटरचा नमदा, म्हणजे आवळलेलं जाड कापड, होतो. तुकडे नुसते बुडवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, चोळू नका. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, कारण ओल्या लोकरीचं वजन तिलाच ताणतं. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि त्यावर चक्क उभे राहा. पिळायचं कधीच नाही.

मग सपाट जागेवर कोरडा टॉवेल अंथरून तुकडे मापात लावा. मुलांच्या फोमच्या जोडायच्या चटया यासाठी उत्तम, टाचण्या छान रुततात. टाचण्या गंज न लागणाऱ्या घ्या. विणायच्या आधी जी मापं लिहिली होती, ती टेपने आत्ता लावा: पाठीची रुंदी, मुंढ्याची उंची, बाहीची लांबी. रिबच्या काठांना टाचण्या लावू नका, ते आपले आपण आवळू देत. पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. पुण्यात जानेवारीत हे एका दिवसात होतं. जुलैत तीन दिवस लागतात आणि कुबट वास येतो, म्हणून मी पावसाळ्यात फक्त विणते आणि धुण्याचं काम नवरात्रापर्यंत लांबवते.

ॲक्रिलिक असेल तर साधं धुवून, तसंच टाचून, वाफेची इस्त्री दोन-तीन सेंमी वर धरून नुसती वाफ सोडा. इस्त्री कापडाला टेकता कामा नये. आधी नमुन्याच्या चौकोनावर, म्हणजे त्याच धाग्याने आणि सुईने विणलेल्या छोट्या तुकड्यावर, करून बघा.

नमुन्याचा चौकोन म्हणजे काय हे ज्यांना आत्ता आठवलं, त्यांच्यासाठी थोडं गणित. समजा, ज्या नमुन्यावरून स्वेटर विणता आहात त्यात १० सेंमीला २२ टाके सांगितले आहेत आणि तुमचा हात सैल, २० च येतात. पूर्ण घेर २२० टाक्यांचा असेल तर नमुन्याप्रमाणे १०० सेंमी व्हायला हवा, तुमचा होईल ११०. मोठ्यांच्या स्वेटरमध्ये एका अख्ख्या मापाचा फरक झाला. चौकोन विणा, तोही धुवा, वाळला की मोजा. वीस मिनिटांचं काम आहे आणि ते टाळून मी निदान तीन स्वेटर शेजारच्या काकांना देऊन टाकले आहेत, कारण आमच्या घरात ते कुणालाच बसेनात.

जोडणी: शिडीच्या पायऱ्या

क्रम असा: खांदे, मग गळपट्टी, मग बाह्या मुंढ्याला, आणि शेवटी बाहीच्या मनगटापासून काखेतून कमरेपर्यंत एकच लांब शिवण.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची घ्या. धागा ज्याने विणलं तोच, फक्त तो फार जाड किंवा मधेच तुटणारा असेल तर त्याच रंगाचा बारीक धागा चालेल. काम दिवसाउजेडी करा. गडद निळा स्वेटर रात्री ट्यूबलाइटखाली शिवायला बसणं म्हणजे डोळ्यांशी वैर.

दोन्ही तुकडे सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवा. कडेचा पहिला टाका आणि दुसरा टाका हलकेच फाकवले की मधे आडव्या धाग्यांची शिडी दिसते. उजव्या तुकड्याच्या एका पायरीखालून सुई घाला, मग समोरच डाव्या तुकड्याच्या एका पायरीखालून, पुन्हा उजवी, पुन्हा डावी. सुरुवातीला धागा सैल ठेवा, शूज बांधायच्या नाडीसारखा दिसेल. चार-पाच सेंमी झाले की धाग्याचं टोक शिवणीच्या दिशेने हळू ओढा. दोन्ही कडा आत वळतात आणि शिवण नाहीशी होते. पहिल्यांदा हे होताना पाहिलं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. ओढताना फार आवळू नका, नाहीतर शिवण कापडाहून आखूड होऊन स्वेटर एका बाजूला चढतो.

दोन्ही बाजूंच्या ओळी सारख्या नसतील तर शेवटी एक बाजू उरते. म्हणून दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, एकदम विणाव्यात. जुन्या बायका ओळीलाच 'सुई' म्हणायच्या, 'बाहीच्या ऐंशी सुया झाल्या' असं. त्या आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायच्या. तुम्हीही कुठेतरी लिहा.

बाही मुंढ्यात बसवताना आधी पाच जागी सेफ्टी पिना लावा: बाहीचा माथा खांद्याच्या शिवणीला, दोन टोकं काखेत, आणि दोन्ही बाजूंना मधे एकेक. मग शिवा.

गळपट्टीसाठी कडेवरून टाके उचलताना एक गोष्ट नवख्यांना चकवते. टाका रुंद असतो, ओळ बुटकी असते. १० सेंमीत २२ टाके असतील तर ओळी ३० च्या आसपास भरतात. त्यामुळे उभ्या कडेवर प्रत्येक ओळीला एक टाका उचललात तर पट्टी झालरीसारखी फुलते. चार ओळींमागे तीन टाके उचला.

लोंबणारी टोकं

प्रत्येक टोक निदान १५ सेंमी सोडा. तीन सेंमीचं टोक कुठल्याच सुईत ओवलं जात नाही आणि मग माणूस गाठ मारून कात्री लावतो. गाठ पुढच्या बाजूला डोकं काढते, हे आज ना उद्या होतंच. टोक उलट बाजूने, टाक्यांच्या पोटातून, पाच-सहा सेंमी एका दिशेने न्या, मग वळून परत आणा. शिवणीजवळ असेल तर शिवणीतच लपवा. ॲक्रिलिक निसरडं असतं, त्याला तिसरा फेरा द्या. टोकं कापायची घाई नको. धुतल्यावर कापड सरळ झालं की मगच कापा, तेही काठोकाठ नाही, अर्धा सेंमी सोडून.

पुढच्या वेळेसाठी: नवा गुंडा जोडायचा तो ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, छातीच्या मध्यावर नको. खऱ्या लोकरीत दोन टोकं पिंजून, ओली करून, तळहातांवर जोरात चोळली तर ती एकजीव होतात, टोकं लपवायचीच राहत नाहीत. पुष्कळ जण त्यासाठी थुंकी वापरतात. भेटीच्या वस्तूला मी पाणीच वापरते.

बटणांचं थोडक्यात: आधी काजं विणा, मग स्वेटर घेऊन दुकानात जा आणि काजातून बटण घालून बघा. उलट बाजूला छोटं साधं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवा, म्हणजे वीण फाटत नाही.

मोजे, आणि तेही भेट द्यायचे

स्वेटर पुण्या-मुंबईत वर्षाचे चाळीस दिवस घालायचा, आणि निफाडला राहत असाल तर थोडे जास्त. मोजे मात्र एसीच्या ऑफिसातल्या मुलीला, परदेशी गेलेल्या पुतण्याला आणि पाय गार पडणाऱ्या आजोबांना बारा महिने चालतात. शिवाय पर्समध्ये मावणारं काम आहे, लोकलमध्येही होतं.

मोजा दोन्ही टोकं टोकदार असलेल्या चार-पाच बारीक सुयांवर किंवा लांब वायरच्या गोल सुईवर गोलाकार विणतात. लोकर ७५ टक्के आणि नायलॉन २५ टक्के असं मिश्रण सर्वांत टिकाऊ. नुसती मऊ लोकर टाचेला दोन महिन्यांत विरते. १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर धागा येतो, त्यात मोठ्या माणसाची जोडी होते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सुरुवातीलाच त्याचे ५०-५० ग्रॅमचे दोन गुंडे करा.

पायाचं माप गुपचूप हवं असेल तर नेहमीच्या चपलेखाली वर्तमानपत्र ठेवून आखून घ्या, किंवा दोरीवरचा वाळलेला मोजा मोजा. मोजा पायाहून लहान विणायचा असतो: घेरात दहा टक्के, लांबीत एक ते दीड सेंमी. मापाबरहुकूम विणलेला मोजा बुटात गोळा होतो. मात्र वरचा काठ टाचेवरून चढेल इतका ताणला गेला पाहिजे, म्हणून तिथे टाके सैल घाला.

आणखी दोन गोष्टी आपल्या घरांच्या. ज्यांना मोज्यावर चप्पल घालायची सवय आहे, त्यांना अंगठा वेगळा असलेला मोजा द्या, नाहीतर पट्ट्याची चप्पल अडेल. आणि गुळगुळीत लाद्यांवर लोकरीचे मोजे बर्फासारखे घसरतात. वयस्कर माणसांसाठी तळाला रबरी ठिपके लावून घ्या किंवा 'अंथरुणातच घाला' असं स्पष्ट सांगा.

आता बोटांकडचं टोक. तिथे शिवण आली तर बुटात खुपते. म्हणून शेवटचे टाके, समजा पुढच्या सुईवर ८ आणि मागच्या सुईवर ८, सुईदोऱ्याने असे जोडतात की जोडच दिसत नाही. इंग्रजीत या टाक्याला लॉर्ड किचनर यांचं नाव आहे, तेच किचनर जे १९०२ ते १९०९ भारतातल्या सैन्याचे सरसेनापती होते आणि व्हाइसरॉय कर्झनशी भांडले. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांची बोटं सोलवटू नयेत म्हणून त्यांनी हा पुरस्कारला अशी आख्यायिका आहे.

धागा ४० सेंमी सोडून कापा, सुईत ओवा. दोन्ही सुया समांतर धरा, मोज्याची उलट बाजू आत.

तयारी: पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात उलट विणताना घालतो तशी सुई घाला, टाका काढू नका. मागच्या सुईच्या पहिल्या टाक्यात सुलट विणताना घालतो तशी घाला, काढू नका.

नंतर हे चक्र:
पुढे, पहिल्या टाक्यात सुलट घाला आणि काढा. पुढच्याच सुईच्या नव्या टाक्यात उलट घाला आणि ठेवा.
मागे, पहिल्या टाक्यात उलट घाला आणि काढा. मागच्याच सुईच्या नव्या टाक्यात सुलट घाला आणि ठेवा.

मी मनात म्हणत राहते: पुढे सुलट-काढ, उलट-ठेव, मागे उलट-काढ, सुलट-ठेव. या दहा मिनिटांत दारावरची बेल वाजली तरी उठायचं नाही. चक्र मोडलं की कुठे होतो ते आठवत नाही.

दुसऱ्या मोज्याचा कंटाळा हा खरा आजार आहे. त्यावर एकच औषध मला लागू पडलं: पहिल्याचं टोक जोडलं की चहासुद्धा न घेता त्याच बैठकीत दुसऱ्याचे टाके घालायचे. पहिल्याच्या ओळी टाचेपर्यंत किती, तळव्याला किती, हे लिहिलेलं असलं म्हणजे दोघे भाऊ सारखे होतात.

भेट देताना

बाळंतविड्यात टोपडं, मोजे आणि स्वेटर द्यायचा असेल तर बाळाच्या आजच्या मापाने विणू नका. बाळ मे महिन्यात झालं असेल तर स्वेटर डिसेंबरच्या मापाचा, म्हणजे सात महिन्यांच्या बाळाचा विणा. पुढून पूर्ण उघडणारा असला की आईचे आशीर्वाद मिळतात. गळ्याभोवती लांब नाड्या, गोंडे, मणी, सैल बटणं नकोत, सगळं तोंडात जातं. लोकर निवडताना ती हाताला मऊ लागते यावर भरवसा ठेवू नका, स्वतःच्या गळ्याला पाच मिनिटं लावून बघा.

देण्याआधी एकदा धुवा. महिनोन्महिने ते तुमच्या हातात, सोफ्यावर आणि मांजराशेजारी असतं. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून ठेवताना स्वच्छ धुतलेलं, कोरडं आणि बंद पिशवीत ठेवा. बाळाच्या कपड्यांजवळ डांबरगोळ्या मात्र ठेवू नका, तान्ह्या मुलांना त्या घातक ठरू शकतात.

परदेशी पाठवणार असाल तर मशीनमध्ये चालणारीच लोकर घ्या. भावजयीला पाठवलेले माझे शुद्ध लोकरीचे मोजे तिकडे ड्रायरमध्ये गेले आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला बसायला लागले. मुलगी खूश होती म्हणा.

आता मी प्रत्येक भेटीसोबत एक चिठ्ठी देते, पोस्टकार्डाच्या जाड कागदावर. एका बाजूला लिहिते: 'गार पाण्यात हाताने धुवा. पिळू नका. हँगरला टांगू नका, घडी घाला. भोक पडलं तर फेकू नका, माझ्याकडे पाठवा.' दुसऱ्या बाजूला लोकरीचा रंग क्रमांक, सुईचा नंबर आणि तारीख. त्याच कार्डाला खाचा पाडून उरलेला पाच-सहा मीटर धागा गुंडाळते आणि एक जादा बटण टाचते. भोक पडतं ते बहुधा टाचेला, आणि तोवर त्या रंगाची लोकर दुकानातून संपलेली असते.